माउस तुमच्याच हातात राहू दे

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : ४९ वर्षांचे एक वाचक लिहितात की गेली २६ वर्षं ते ड्राफ्ट्समन आहेत, म्हणजे इमारतींची रेखाचित्रं काढतात. सुरुवात ड्रॉइंग बोर्डावर झाली, मग संगणक आला, तोही ते शिकले. आता ऑफिसातलं सगळं काम थ्रीडी मॉडेलवर जाणार आहे आणि ते शिकवायची जबाबदारी २६ वर्षांच्या एका सहकाऱ्यावर आहे. म्हणजे यांचा जितका अनुभव, तितकं त्याचं वय. मुलगा हुशार आहे, पण भरभर बोलतो. हे अडले की यांच्या हातातून माउस घेतो, चार क्लिकमध्ये काम करतो आणि म्हणतो, "झालं, काका. सोपं आहे." हे "हो, कळलं" म्हणतात. संध्याकाळी एकटे बसल्यावर काहीच जमत नाही. मग रात्री घरी गुपचूप व्हिडिओ बघतात. "शिंगं मोडून वासरात शिरल्यासारखं वाटतं," असं त्यांनी लिहिलंय. पहिल्या नोकरीत एका वयस्क ड्राफ्ट्समनच्या शेजारी बसून ते शिकले होते. रेघ चुकली की ते गृहस्थ स्वतः कधी खोडत नसत, पेन्सिलीचं टोक त्या जागी टेकवत आणि थांबत. "तेव्हा मी लहान होतो, नम्र होतो. आता माझा अहंकार आडवा येतोय, की याला शिकवता येत नाही? आणि ज्याला गुरुस्थानी मानावं असं वाटत नाही त्याच्याकडून शिकायचं कसं?" असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी दोन ओळींची एक कबुली आहे. मागच्या आठवड्यात त्या मुलाच्या मॉडेलमध्ये एका जिन्याच्या वळणावर डोक्यावरची उंची कमी पडतेय, हे यांच्या लक्षात आलं. हे गप्प बसले.

उत्तर :

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. जिन्याची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, पण माझं मन तिथेच अडकून राहिलं. तिच्याकडे मी येणार आहे. आधी तुमच्या प्रश्नाबद्दल.

तुमचा अहंकार की त्याच्या शिकवण्यातली खोट, यातला गुन्हेगार कोण ते सांगा, असं तुमचं म्हणणं आहे. मला दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या दिसतात, पण तुम्ही जिथे शोधताय तिथे त्या दिसत नाहीत.

त्याच्यापासून सुरुवात करू, कारण ते सोपं आहे. तुमच्या हातातून माउस गेला की त्या क्षणी शिकवणं थांबतं. पुढचे चार क्लिक म्हणजे त्याने उरकलेलं काम असतं. पण यात मला त्याचा उद्धटपणा दिसत नाही. एखादी गोष्ट अंगवळणी पडली की ती दुसऱ्याला किती अवघड जात असेल याचा अंदाजच येईनासा होतो. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला होता. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल, शब्द, सगळं चालू असतं. समोरच्याच्या कानावर नुसती टकटक पडते. "सोपं आहे, काका" हे तो मुलगा मनापासून म्हणत असणार, कारण त्याला पूर्ण गाणं ऐकू येतंय.

हे माझ्याकडूनही झालंय. आईला फोन वापरायला शिकवताना ती अडखळली की मी तो तिच्या हातातून घ्यायचे, काम करून परत द्यायचे. मनात प्रेमच होतं, थोडी घाईही होती. काही दिवसांनी तिने विचारणं बंद केलं. मला वाटलं, शिकली. तिने फोनच बाजूला ठेवून दिला होता. ते लक्षात आलं तेव्हा फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

आता तुमच्या त्या पहिल्या गुरूंकडे बघा. पेन्सिलीचं टोक टेकवायचं आणि थांबायचं, एवढंच ते करत, पण त्यात किती काय आहे! चूक कुठे आहे ते त्यांनी दाखवलं, काय चुकलं ते शोधणं तुमच्याकडे ठेवलं. खोडरबरही तुमच्याच हातात ठेवला. शिकवणाऱ्याला सगळ्यांत जड जातं ते हे थांबणं. उत्तर जिभेवर आलेलं असतं, समोरचा चाचपडत असतो, कामं तुंबलेली असतात, आणि तरी हात आवरून बसायचं. लेव्ह व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाने याची फार नेमकी मांडणी केली होती. माणसाला एकट्याला जे जमतं आणि जाणकार शेजारी असताना जे जमतं, या दोहोंच्या मधला एक पट्टा असतो. शिकणं त्या पट्ट्यात घडतं. मदत त्या पट्ट्यापुरतीच हवी. तुमच्या गुरूंनी हा पट्टा नजरेने मोजला होता. तुमच्या तरुण सहकाऱ्याला असा पट्टा असतो हेच कुणी सांगितलेलं नाही. त्याला सॉफ्टवेअर उत्तम येतं म्हणून शिकवायला बसवलं. काम येणं आणि ते शिकवता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि दुसरं तो आत्ता तुमच्यावरच शिकतोय.

आता तुमच्याबद्दल. "तेव्हा मी नम्र होतो" हे तुमचं वाक्य मला तितकंसं पटलं नाही. २३व्या वर्षी "येत नाही" म्हणायला काय लागतं? या पोराला येत नसणार हे सगळ्यांना ठाऊकच असतं. ४९व्या वर्षी तेच दोन शब्द उच्चारताना २६ वर्षांचं नाव पणाला लावल्यासारखं वाटतं. तेव्हाची नम्रता तुम्हाला आयती मिळाली होती, आताची कमवावी लागणार आहे. त्यामुळे जीभ अडखळते म्हणून स्वतःला अहंकारी ठरवून झोडपू नका. "हो, कळलं" याबद्दल मात्र मी तुम्हाला सूट देणार नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. शिकायला बसायचं आणि जे येत नाही तेच झाकायचं. तुमचे गुरू पेन्सिलीचं टोक नेमक्या जागी टेकवू शकत, कारण तुमची चुकलेली रेघ कागदावर त्यांच्या डोळ्यांसमोर असे. या मुलाला तुमची चुकलेली रेघ कधी दिसलेलीच नाही. तुम्ही ती रात्री घरी काढता. मग त्याने बोट ठेवायचं तरी कुठे? उलट तुमच्या प्रत्येक "कळलं" मधून त्याला एवढंच समजतं, की आपलं शिकवणं ठीक चाललंय आणि वेग थोडा वाढवायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट. तुम्ही "कळलं" म्हणता तेव्हा दरवेळी खोटं बोलता असंही नाही. त्या क्षणी ते खरंच कळल्यासारखं वाटत असणार. येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना विचारलं, कपड्याची चेन, कुलूप, शिवणयंत्र कसं चालतं हे तुम्हाला किती समजतं? लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग त्यांना तीच गोष्ट पायरीपायरीने लिहून समजावून द्यायला सांगितली आणि पुन्हा गुण द्यायला लावले. गुण खाली आले. चेन आपण रोज वर-खाली करतो, पण एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूत कसे अडकतात हे लिहायला बसलं की पेन अडतं. दुसऱ्याच्या हातून झरझर होणारं काम बघताना हाच भास होतो. म्हणून "कळलं का?" हा प्रश्नच मला निरुपयोगी वाटतो. शिकणाऱ्याकडे त्याचं खरं उत्तर नसतं. उत्तर मिळतं ते करून दाखवल्यावर नाहीतर सांगून बघितल्यावर.

नम्रतेचा अर्थ तुम्ही स्वतःला लहान मानणं असा धरला आहे, आणि म्हणून ती तुम्हाला जड जाते. "मला काहीच येत नाही, मी आता म्हातारा झालो" असं म्हणणाऱ्या माणसाचंही सगळं लक्ष स्वतःवरच असतं. "मला सगळं येतं" म्हणणाऱ्याइतकंच. दोघंही कामाकडे बघत नसतात. अवराहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी यांनी १९९६ साली चुका दाखवण्याबद्दलचे, अभिप्रायाबद्दलचे कितीतरी अभ्यास एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्राय मिळाल्यावर माणसाचं काम बिघडलं होतं. त्यांनी त्याचं कारण असं मांडलं, की लक्ष कामावरून उठून स्वतःकडे वळलं की अभिप्रायाची ताकद कमी होते. तुमच्याच टेबलावर हे घडतंय. तो म्हणतो, "काका, भिंतीची उंची वरच्या मजल्याला बांधलेली नाही." हे वाक्य भिंतीबद्दल आहे. तुम्हाला ऐकू येतं, "काका, तुम्हाला जमत नाही." तेवढ्यात भिंत डोळ्यांसमोरून गेलेली असते.

मी नम्रता म्हणते ती ही. वाक्य जिथलं आहे तिथे राहू द्यायचं. भिंतीचं भिंतीला. त्यासाठी तुमची २६ वर्षं विसरायची, पाटी कोरी करायची काही गरज नाही. मला तर तो सल्ला चुकीचाच वाटतो. आधी तुम्ही प्लॅन (वरून दिसणारी मांडणी), सेक्शन (इमारत उभी कापली तर आत दिसेल ते चित्र), एलिव्हेशन (बाहेरून समोर दिसणारी बाजू) वेगवेगळे काढत होतात आणि तिन्हींचा मेळ डोक्यात घालत होतात. मॉडेलमध्ये भिंत एकदा उभी करायची, बाकीची चित्रं तिच्यातून निघतात. हात बदलणार आहे, नजर तीच लागणार आहे. ज्याला इमारत डोक्यात उभी करता येते त्याला या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं काय मागायचं हे आधीच ठाऊक असतं. कुठलं बटण, एवढं त्या मुलाकडून घ्यायचंय.

जाणत्या माणसाला दुसऱ्याची नजर का लागते, याचं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. अतुल गवांदे हे नावाजलेले सर्जन. स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करू लागून आठ वर्षं झाली होती आणि आपली सुधारणा थांबल्यासारखी त्यांना वाटत होती. म्हणून त्यांनी आपल्या एका निवृत्त शिक्षकाला शस्त्रक्रिया बघायला बोलावलं. त्याबद्दल त्यांनी २०११ साली लिहिलं आहे. शस्त्रक्रिया चांगली झाली, नाव ठेवायला जागा नाही असं त्यांना वाटलं. शिक्षकांच्या कागदावर मात्र बारीक अक्षरात बरंच काही होतं. वरचा दिवा जखमेवरून सरकला होता आणि बराच वेळ काम परावर्तित उजेडात चाललं होतं, ते गवांदेंच्या ध्यानातही आलं नव्हतं. मधूनच त्यांचा कोपर खांद्याच्या उंचीला जात होता, आणि कोपर हवेत असताना हातात अचूकपणा राहत नाही. तसं वाटलं तर पाय हलवा किंवा दुसरं हत्यार घ्या, असं शिक्षकांनी सुचवलं. कोपर, दिवा, पाय. त्या कागदावर "तुम्ही कसे सर्जन आहात" याबद्दल एक शब्द नव्हता. गवांदेंनी कोपर खाली आणला. स्वतःचा कोपर स्वतःला दिसत नाही, एवढं मान्य करायला लहान व्हावं लागत नाही.

गुरुस्थानी मानण्याचा तुमचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. तो प्रामाणिक आहे, आणि आपल्या भाषेत गुरू हा शब्दच इतका मोठा आहे की त्याच्याखाली साधं शिकणं दबून जातं. शिकवणारा माणूस म्हणून मोठा असलाच पाहिजे का? पुढे मोठा शास्त्रज्ञ झालेला मायकेल फॅरडे तरुणपणी लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. १८१२ साली त्याला नामवंत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकायला मिळाली. त्याने त्यांची टिपणं काढली, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हीकडे पाठवली. पुढच्या वर्षी तो डेव्हीचा मदतनीस झाला. डेव्हीने त्याला रसायनशास्त्रातलं फार मोठं दालन उघडून दिलं. युरोपच्या दौऱ्यात त्याच डेव्हीने त्याच्याकडून हरकाम्याचीही कामं करून घेतली, आणि १८२४ मध्ये रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेवर फॅरडेची निवड व्हायची होती तेव्हा अध्यक्षपदावरून तिला विरोध केला. फॅरडे निवडून आला. डेव्हीकडून जे शिकण्यासारखं होतं ते त्याने पुरेपूर घेतलं होतं, बाकीचं उचललं नाही. तुम्हाला त्या मुलाच्या पाया पडायचं नाहीये. त्याच्याकडे असलेली एक विद्या घ्यायची आहे. तेवढ्यापुरता तो तुमचा शिक्षक, बाकी वेळ सहकारी. ("काका" खटकत असेल तर नावाने हाक मार म्हणावं, त्यावर मनात कुढत बसू नये.)

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते, कारण अपमान सोसून शिकणाऱ्यांचीही पत्रं मला येतात. कुणी चारचौघांत टिंगल करत असेल, जुन्या चुका उकरून काढत असेल, हातचं राखून शिकवत असेल, तर ते सोसणं म्हणजे नम्रता नव्हे. तिथे भीतीने लक्ष सतत स्वतःवर राहतं, शिकणं होत नाही. शक्य असेल तर शिक्षक बदला. तुमच्या बाबतीत मला तसं काही दिसत नाही. हा मुलगा फक्त घाईत आहे.

तेव्हा त्याच्याशी बोला. पाच मिनिटांचं काम आहे, दोघंच असताना. साधारण असं म्हणता येईल : "अरे, तू करून दाखवतोस तेव्हा कळल्यासारखं वाटतं, पण नंतर माझं मला जमत नाही. मी 'कळलं' म्हणतो ते खरं नसतं. उद्यापासून माउस माझ्याच हातात राहू दे. तू तोंडाने सांग, आणि मी अडलो तर जरा थांब." यात कुठे गयावया नाही, त्याच्यावर ठपकाही नाही. त्याला शिकवायचं कसं हे तुम्ही त्याला सांगताय, आणि चांगला शिक्षक कसा असतो हे तुम्ही त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं पाहिलेलं आहे.

पुढचं ओघाने येईल. एका बैठकीत एकच गोष्ट मागा. आज भिंत, उद्या दार, जिना आणखी पुढे. प्रत्येकीच्या शेवटी तुम्ही म्हणा, "आता मी पहिल्यापासून करतो, तू बघ, आणि करताना मी काय करतोय तेही बोलतो." जिथे बोलणं अडखळेल तिथेच तुमची चुकलेली रेघ आहे. आता ती त्यालाही दिसेल. एक छोटी वही ठेवा : मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, वाट कुठे चुकली. चुकांची वही म्हणून लाज वाटू देऊ नका. महिन्याभराने तुमच्या ऑफिसात तिच्यासारखी उपयोगी वस्तू दुसरी नसेल, कारण तुमच्यानंतर शिकायला बसणारे नेमके त्याच जागी अडणार आहेत.

रात्रीचे व्हिडिओ बंद करा असं मी म्हणत नाही. पण तोच व्हिडिओ पुन्हापुन्हा बघू नका. एकदा बघा, बंद करा, आणि आठवेल तसं करून बघा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली दाखवलं, की मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत जास्त आठवलं, पण आठवड्याने आठवून लिहिणारे खूप पुढे होते. मनातून ओढून काढताना जो त्रास होतो त्यानेच ते टिकतं. आणि व्हिडिओची एक मर्यादा आहेच. तुमचा कोपर वर गेलेला त्याला दिसत नाही. जिथे अडलात ते लिहून ठेवा आणि सकाळी उघडपणे विचारा : "काल घरी बघत होतो, इथपर्यंत आलो, पुढे जमलं नाही." एवढं म्हटलंत की लपवण्यासारखं काही उरणार नाही, आणि तुमचा दिवस पुष्कळ हलका जाईल.

यातलं सगळं पहिल्या आठवड्यात जमणार नाही. मधेच "हो, कळलं" तोंडातून निघून जाईल. गेलं तर लगेच म्हणा, "थांब, नाही कळलं, परत सांग." तो मुलगाही सवयीने माउसकडे हात नेईल. तेव्हा न चिडता माउस घट्ट धरून ठेवा.

आता जिना. तुम्ही गप्प का बसलात ते मला समजतं. तो रोज तुमच्या चुका दाखवत होता, आणि एकदाचं त्याचं काहीतरी चुकलेलं तुमच्या हाती लागलं होतं. या भावनेबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. पण उद्या त्या जिन्यावरून चढणाऱ्या माणसाला तुमच्या दोघांच्या मानापमानाचं काय? त्याचं डोकं तुळईला लागेल. आणि हेही बघा, की ती कमी उंची तुम्हाला दिसली, त्याला दिसली नाही. सॉफ्टवेअरने ती भिंतीइतक्याच निमूटपणे काढून दिली. हे बघणारा डोळा २६ वर्षांत तयार झाला आहे आणि त्या मुलाला तो शिकवणारं तुमच्याशिवाय तिथे दुसरं कुणी नसावं.

तेव्हा उद्या सकाळी, तुमच्या शिकण्याबद्दल बोलायच्याही आधी, त्याच्या टेबलाशी खुर्ची ओढा. चारचौघांत नको. माउस त्याच्याच हातात राहू दे. "त्या जिन्याच्या वळणावरून एक सेक्शन घे बरं," असं म्हणा. स्क्रीनवर सेक्शन आला की त्या जागी बोट टेकवा आणि थांबा. उशीर मात्र करू नका. मॉडेलमध्ये पुढची कामं चढत गेली की जिना हलवणं रोज कठीण होत जाईल.